बेचाळीस पायऱ्यांचा शब्द

अबू घालिबांच्या हृदयाला डॉक्टरांनी चार नव्या वाटा काढून दिल्या, त्याला आज एकवीस दिवस झाले होते. या एकवीस दिवसांत निम्मं सल्त गाव घरी येऊन सांगून गेलं होतं की पेशंटला विश्रांतीची फार गरज आहे.

हा निरोप द्यायला साधारण दीड तास लागे. लोक दारातच म्हणत, "आम्ही बसणार नाही हं, नुसतं तोंड दाखवून जातो." सल्तमध्ये हे वाक्य कानावर पडलं की घरातल्या बाईनं ओळखायचं, तीनदा कॉफी, एकदा चहा आणि वर फळं कापावी लागणार. प्रत्येकाच्या हातात चॉकलेटचा खोका असे. तो कोणासाठी? तर ज्याची साखर बंद, मीठ बंद, तूप बंद, त्याच्यासाठी. मग पुरुषमंडळी बैठकीच्या खोलीत टेकत, सिगारेटी शिलगावत आणि धुरातून पेशंटला शोधून काढत म्हणत, "अबू घालिब, ही सिगारेट मात्र तुम्ही सोडलीत ते बरं केलंत. फार वाईट चीज."

जुमाना हे सगळं स्वयंपाकघरातून ऐके. ती अबू घालिबांची धाकटी. नवऱ्याला अम्मानमध्ये अंड्यांच्या भरवशावर सोडून, अकरा महिन्यांच्या तैमला कडेवर घेऊन, पंधरा दिवसांसाठी म्हणून ती माहेरी आली होती. पंधरा दिवस कधीच उलटले होते. ज्याच्या नावावरून बापाला सगळं गाव अबू घालिब म्हणे, तो थोरला घालिब कुवैतमध्ये होता. तोही सेवेत कमी पडत नव्हता. रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर उगवे आणि विचारी, "जुमाना, बाबांना नीट बघतेस ना?"

ती बघत होती. फ्रीजवर डॉक्टरांचा कागद चिकटवलेला होता. त्यावर औषधांच्या वर, सगळ्यात ठळक अक्षरात एकच गोष्ट लिहिली होती, चालणे. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, तिसऱ्या आठवड्यात बाहेर, रोज अर्धा तास. अबू घालिब पलंगावरून सोफ्यावर येत, सोफ्यावरून बाथरूमला जात आणि परत येत. सगळे मिळून एकोणीस पावलं. तेहतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता. छडीच्या टोकावर पोरांना नाईलच्या उगमापासून मुखापर्यंत चालवत नेलं होतं. स्वतः मात्र आता एकोणीस पावलांच्या पुढचा प्रदेश नकाशात नसल्यासारखे बसून होते.

"बाबा, उठा. दारापर्यंत जाऊ."

"काल उठलो होतो."

"काल बाथरूमला गेला होतात."

"मग? उडत गेलो होतो का?"

"बाबा, डॉक्टर म्हणालेत—"

"तो डॉक्टर? माझ्या शाळेत असता तर सातवीतच बसवला असता."

"का?"

"अक्षर बघ त्याचं."

आई, म्हणजे उम्म घालिब, कोणाच्या बाजूनं होती हे कळायला मार्ग नव्हता. तिचा सगळा विश्वास रश्श्यावर. "अगं, छाती तारेनं शिवलीय त्यांची," ती पुटपुटे, "कपाट आहे का ते, इकडून तिकडे सरकवायला?" आणि धाकटे काका तर परवा मन्सफचं पातेलं घेऊनच आले, वाळवलेल्या खारट दह्याच्या रश्श्यात बुडालेलं मटण, वर तुपाचा तवंग.

"काका, त्यांना मीठ बंद आहे हो."

"यात मीठ कुठंय? दही आहे हे."

"हे दही मिठात वाळवतात, काका."

"वाळलं की उडून जातं ते," काका म्हणाले आणि भावाच्या ताटात आणखी एक पळी ओतायला वाकले. जुमानानं पातेलंच उचलून शेजारी धाडलं. तेव्हापासून काका तिच्याशी बोलत नव्हते, फक्त तिच्याबद्दल बोलत होते.

गेल्या गुरुवारी तपासणीला नेलं तेव्हा चार पुतण्यांनी अबू घालिबांना खुर्चीत बसवून घरापुढच्या बेचाळीस पायऱ्या उतरवल्या होत्या. मागे उशी घेऊन आई, औषधं घेऊन जुमाना, खिडक्यांतून बघणाऱ्या बायका. नवरदेवाची मिरवणूकच म्हणायची, फक्त ढोल नव्हता. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि जुमानाला बाहेर बोलावून घेतलं.

"हृदय उत्तम आहे," ते म्हणाले. "पण फुप्फुसांच्या तळाशी पाणी साचायला लागलंय. हे ऑपरेशननं झालेलं नाही, बसून झालंय. दोन आठवडे देतो. चालले नाहीत तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि या वयात फुप्फुसं बिघडली तर मी काही शब्द देऊ शकत नाही."

हे तिनं बाबांना सांगितलं. आईला सांगितलं. कुवैतच्या पडद्यालाही सांगितलं. बाबा म्हणाले, उद्या बघू. आई रडली आणि रस्सा केला. पडदा म्हणाला, "तू जरा प्रेमानं सांगून बघ ना."

घरात सध्या दोन जण चालायला शिकत होते, आणि त्यातला एकच हट्ट करत होता. तैम सोफ्याला धरून उभा राही, हात सोडी, दीड पाऊल टाकी, धपकन बसे आणि स्वतःवर खूश होऊन हसे. मग रांगत रांगत आजोबांच्या पायांशी येऊन त्यांची विजार ओढी. अबू घालिब झटकन पाय वर घेत. "याला घे गं इथून!" नातवासाठी एरवी जीव टाकणारा माणूस असा उंदीर दिसल्यासारखा पाय वर का घेतो, हे जुमानाला कळत नव्हतं.

कळलं ते एका दुपारी. ती स्वयंपाकघरात तैमसाठी गाजर कुस्करत होती. बाहेर धपकन आवाज झाला, मग तैमचं हसू, मग बाबांचा आवाज. हळू, मित्राशी बोलावं तसा.

"तू पड खुशाल, राजा. तुझं काय जातंय? तू पडलास तर रडशील आणि उठशील. मी पडलो तर उसवेन."

जुमानाच्या हातातला काटा गाजरात तसाच राहिला. इतके दिवस ती हट्टाशी भांडत होती. तो हट्ट नव्हताच. आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात 'मला भीती वाटते' हे तीन शब्द एका ओळीत उच्चारले नव्हते, त्याला 'घाबरू नका' तरी कसं सांगणार? त्याच्या भीतीहून मोठं काहीतरी शोधायला हवं होतं. सल्तमध्ये भीतीहून मोठी गोष्ट एकच होती, कॉफीवर दिलेला शब्द.

कोणाच्या मुलीला मागणी घालायची असो, दोन घराण्यांतलं वैर मिटवायचं असो, गावातली मोठी माणसं मिळून त्या घरी जातात. त्याला म्हणायचं जाहा. यजमान कडू कॉफी पुढे करतो. जाहाचा म्होरक्या कप घेतो आणि न पिता खाली ठेवतो. "आमची एक मागणी आहे," तो म्हणतो. मग यजमानानं म्हणायचं, "कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते तुमचं झालं." एकदा कॉफी प्यायली गेली की आभाळ कोसळलं तरी शब्द फिरत नाही. खरं तर मागणी काय, उत्तर काय, हे सगळं बायकांनी आठवडाभर आधी फोनवर ठरवलेलं असतं. पण पुरुष फार गंभीर चेहऱ्यानं बसलेले असतात, म्हणून ते कोणी बोलून दाखवत नाही.

अबू घालिब स्वतः गावातले सगळ्यात नावाजलेले म्होरके. त्यांनी खाली ठेवलेला कप कधी थंड झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जुमाना तैमला कडेवर घेऊन हम्माम गल्लीतल्या कापडाच्या दुकानात गेली. दुकान अबू शिबलींचं. तीन वर्षांपूर्वी एका जाहात, बोलायचा मान अबू घालिबांचा असताना, हे आधी उठून अकरा मिनिटं बोलले होते. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. या सगळ्या दिवसांत पेशंटला खरोखर विश्रांती घेऊ देणारा सबंध गावात हा एकच माणूस निघाला.

"काका, एक जाहा न्यायचीय."

"कोणाकडे?"

"बाबांकडे."

अबू शिबलींची कात्री कापडात थांबली. जुमानानं सगळं सांगितलं. फुप्फुसातलं पाणी, एकोणीस पावलं, पुढचा गुरुवार. फक्त ते उसवणं तिनं सांगितलं नाही.

"तुझ्या बापानं चारचौघांत काय म्हटलं होतं, ठाऊक आहे? माझं भाषण म्हणजे उतारावरचा बिनब्रेकचा ट्रक."

"खोटं नव्हतं ते," जुमाना म्हणाली. "म्हणूनच तुमच्याकडे आले. हा घाट चढायला ट्रकच पाहिजे."

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. "आणि नाही म्हणाला तर? कॉफी थंड होईल आणि माझं नाक कापलं जाईल."

"तीन वर्षांनी तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात, तर बाबा काय समजतील?"

अबू शिबलींनी विचार केला. "की मी माफी मागायला आलोय."

"मग?"

"मग तो मी काही मागायच्या आधीच हो म्हणेल. मोठेपणा दाखवायला." त्यांनी कात्री खाली ठेवली आणि तिच्याकडे टक लावून बघितलं. "पोरी, तू मुलगा असतीस ना—"

"तर कुवैतहून फोनवर सल्ले दिले असते."

पुढच्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर सात जण त्या बेचाळीस पायऱ्या चढून आले. सगळ्यांची वयं मिळून पाचशेच्या घरात. चढायला पाव तास लागला, आणि दारात आल्यावर सलाम करण्याइतका श्वास गोळा करायला आणखी थोडा.

अबू घालिबांनी दाराकडे बघितलं. सगळ्यात पुढे अबू शिबली. इतक्या दिवसांत ज्या चेहऱ्यावर रस्सा, गोळ्या आणि मुलीची विनवणी यांनी मिळून रंग आणला नव्हता, त्यावर एका क्षणात रंग आला.

"झगा आण," ते उम्म घालिबच्या कानात म्हणाले. "काळा, सोनेरी काठाचा. आणि डोक्याचा रुमाल. इस्त्रीचा!"

उशी छातीशी घट्ट धरून ते उठले आणि सोफा सोडून ताठ पाठीच्या खुर्चीवर जाऊन बसले. उशी झग्याखाली गेली. खोकला आला तर छातीला आधार म्हणून डॉक्टरांनी ती जवळ ठेवायला सांगितली होती, पण शत्रू शरण आलेला असताना मांडीवर भरतकामाची उशी बरी दिसत नाही.

कॉफी जुमानानं केली. कप फिरवले धाकट्या काकांनी. ती तैमला घेऊन दाराच्या फटीशी उभी राहिली. त्यानं ओरडू नये म्हणून आपलं बोट त्याच्या तोंडात दिलं, आणि तो ते नव्या दातांनी मनापासून चावत राहिला.

अबू शिबलींनी कप घेतला, न पिता खाली ठेवला आणि बोलायला उभे राहिले. त्यांनी अल्लाची स्तुती केली, घराण्याची केली, अबू घालिबांच्या आजोबांची केली, आजोबांच्या घोडीचीही केली. तीन वर्षांपूर्वीची अकरा मिनिटं आज चौदा झाली. अबू घालिब डोळे अर्धवट मिटून ऐकत होते. एकेका वाक्याला त्यांची मान इंचभर वर चढत होती.

"...आणि म्हणून, अबू घालिब, आम्ही तुमच्या दारात एक मागणी घेऊन आलोय—"

अबू घालिबांनी हात वर केला. राजानं करावा तसा.

"अबू शिबली, तुम्ही माझ्या घरी आलात, त्यात सगळं आलं. कशाला शब्द खर्च करता? कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते तुमचं झालं."

सात कप एकदम उचलले गेले. इतक्या घाईनं की दोघांना ठसका लागला.

"हं," अबू घालिब उदारपणे हसले. "आता बोला, काय ते मोकळेपणी."

"उद्यापासून," मिशा पुसत अबू शिबली म्हणाले, "रोज सकाळी या पायऱ्या उतरून चौकापर्यंत चालत जायचं आणि चालत परत यायचं. डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत. आणि दुसरं, या घरात कोणीही सिगारेट ओढायची नाही. आम्हीसुद्धा."

"ते दुसरं आम्हाला सांगितलं नव्हतं," मागून एक जण कुजबुजला आणि हातातली पेटती सिगारेट कुठे विझवावी ते शोधू लागला.

अबू घालिबांनी सात रिकाम्या कपांकडे एकेक करून बघितलं. चेहऱ्यावरचा रंग आला तसा उतरला. झग्याखाली हात उशीवर आवळला गेलेला जुमानाला फटीतून दिसला.

"काय केलंस गं हे!" आई तिच्या कानाशी म्हणाली. "त्यांना काही झालं तर?"

जुमानाला तोवर हा प्रश्न पडलाच नव्हता. आता पडला. पुस्तकं सांगतात तार सुटत नाही. डॉक्टर सांगतात सुटत नाही. पण छाती बाबांची होती, पुस्तकाची नव्हे. सगळ्यांसमोर कोंडीत पकडलेला हा माणूस रागानं उठला, पाय अडखळला, तर? तिनं नकळत तैमला इतकं आवळलं की तो कुरकुरला.

"जामीन कोण?" अबू घालिबांनी शेवटी विचारलं. आवाज बारीक होता, पण होता.

"म्हणजे?"

"शब्द घेतलात, बरोबर? शब्दाला जामीन लागतो. मी उद्या गेलो नाही तर गाव कोणाला विचारणार?"

"मला! मी आहे ना जामीन," अबू शिबलींनी छातीवर हात आपटला. एवढ्या जणांसमोर दुसरं काय म्हणणार?

"मोठा माणूस आहात," अबू घालिब म्हणाले आणि गालात हसले. "मग जामीनदारानं हजर राहायला हवं. रोज. इथं वर दारात येऊन मला घ्यायचं, चौकात न्यायचं, परत वर आणून सोडायचं. शब्द पाळला जातोय की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आपल्या वाडवडिलांची रीतच आहे तशी."

अबू शिबलींनी दाराबाहेर बघितलं. त्या पायऱ्या त्यांनी आत्ताच चढल्या होत्या, आणि एकशे दहा किलो वजन घेऊन चढल्या होत्या. पण आता इलाज नव्हता. कॉफी पोटात गेली होती.

सकाळी सातला जामीनदार धापा टाकत दारात हजर झाला. अबू घालिब तयार होते. झगा, रुमाल, बूट, झग्याखाली उशी. ते पहिल्या पायरीच्या कडेला आले आणि तिथेच थांबले. खाली सगळी दरी, पिवळ्या दगडांची घरं, चौकातली भाजीची गाडी. समोरच्या खिडक्यांतून बायका मुळीच बघत नव्हत्या, फक्त पडदे हलत होते.

"काय, शब्द फिरवतोस?" अबू शिबलींनी विचारलं. पण त्यांचाही हात आपसूक पुढे झाला होता.

तैमला खांद्यावर टाकून जुमाना एक पायरी खाली उतरली आणि पाठमोरी उभी राहिली. तैमनं तिच्या खांद्यावरून आजोबांकडे दोन्ही हात पसरले.

"माझ्या या खांद्यावर हात ठेवा, बाबा."

खांद्यावर हात आला. मग कानाशी, जेमतेम ऐकू येईल असा आवाज आला, "तार सुटली तर?"

"मी खाली आहे ना."

"तू? तू काय करणार आहेस? पन्नास किलोची पोर."

"तुमच्याखाली सापडेन. मऊ पडाल."

अबू घालिबांना हसू आलं. हसताना छाती दुखली. त्यांनी उशी आवळली, डोळे मिटले, श्वास धरला. आत काहीच सुटलं नाही. त्यांनी डोळे उघडले.

"हसवू नकोस मला," ते म्हणाले आणि पाऊल खाली टाकलं. पाचव्या पायरीवर म्हणाले, "आणि कालच्या कॉफीत वेलची जास्त होती. तुझी आई एवढी घालत नाही. वासावरनंच मला कळायला हवं होतं, हा कट तुझा आहे ते."

चौकापर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं लागली, कारण वाटेत भेटणारा प्रत्येक जण थांबवून सांगत होता की त्यांनी विश्रांती घ्यायला हवी. परतताना चढ लागला तसं बोलणं थांबलं. अबू घालिब तीन पायऱ्या चढत आणि थांबत. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, अक्षर कसंही असलं तरी. अबू शिबलींना कोणीच काही सांगितलं नव्हतं. ते सत्ताविसाव्या पायरीवर मटकन बसले आणि खोकू लागले.

अबू घालिब त्यांच्यापाशी थांबले. झग्याखालून उशी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"धर. खोकताना छातीशी घट्ट धर. घाबरू नकोस, काही सुटत नाही."

मग रिकामे हात भिंतीला लावत ते पुढे निघाले. एक पायरी मागे राहून जुमानाही निघाली. तैम झोपून गेला होता. तिचा खांदा त्याच्या लाळेनं ओला झाला होता. बाबांची पाठ झग्यातून वरखाली होताना दिसत होती. श्वास खोल जात होता, पार तळापर्यंत.

वर दारात एक जोडपं चॉकलेटचा खोका घेऊन उभं होतं.

"या, या," झगा-रुमालातल्या अबू घालिबांना न ओळखता, आणखी एक पाहुणा समजून पुरुष म्हणाला. "आम्ही बसणार नाही, नुसतं पेशंटला भेटून जाणार होतो. घरात आहेत का?"

अबू घालिबांनी चौकटीला हात टेकून दम घेतला.

"पेशंट खाली आहे," ते म्हणाले. "सत्ताविसाव्या पायरीवर बसलाय. जा, भेटून या. त्याला विश्रांतीची फार गरज आहे."